आमच्याच आकाशाचे फोटो आम्हाला कधी बघायला मिळणार?

प्रति,
इतिहास विभाग, संरक्षण मंत्रालय, नवी दिल्ली
आणि
मंत्रिमंडळ सचिवालय, नवी दिल्ली

विषय : १९६२ ते १९९९ या काळातल्या युद्धांमधली हवाई टेहळणीची छायाचित्रं आणि त्यासंबंधीची कागदपत्रं खुली करण्याबाबत

महोदय,

माझे वडील हवाई दलात फोटो सेक्शनला होते. विमान उतरलं की कॅमेऱ्यातली फिल्म काढून आणायची, अंधाऱ्या खोलीत धुवायची, वाळवायची, चौकटींवर नंबर घालायचे आणि प्रिंट काढून पुढच्या टेबलावर द्यायच्या, एवढं त्यांचं काम. १९६२ च्या लढाईच्या वेळी ते चोवीस वर्षांचे होते, १९७१ मध्ये तेहेतीस. फोटोतला डोंगर कुठला, नदी कुठली, हे त्यांना कुणी सांगत नसे आणि ते विचारतही नसत. नोकरी संपल्यावर ते ग्वाल्हेरला, लष्कर भागातल्या आमच्या जुन्या वाड्यात येऊन राहिले आणि २०१६ साली गेले. आयुष्यभर त्यांनी घरात कामाबद्दल अवाक्षर काढलं नाही.

एक संध्याकाळ मात्र अपवाद होती. मी भूगोल घेऊन एम. ए. करत होते आणि प्रात्यक्षिकासाठी कॉलेजमधून दोन हवाई छायाचित्रं आणि एक खिशात मावेल एवढा स्टिरिओस्कोप घरी आणला होता. तारेच्या पायांवर उभी असलेली दोन भिंगं, बस. विमान पुढे सरकत असताना एकामागोमाग एक फोटो निघतात आणि प्रत्येक फोटोत आधीच्या फोटोचा अर्ध्याहून जास्त भाग पुन्हा येतो. ते दोन फोटो भिंगांखाली शेजारी शेजारी ठेवले की डावा डोळा एक बघतो, उजवा दुसरा, आणि मग एकदम कागदातून डोंगर वर येतो. मला काही केल्या डोंगर दिसेना. उलट टेकडीच्या जागी खोल खड्डा दिसत होता. बाबा मागून आले, दोन्ही फोटो उचलून उलटे फिरवले आणि म्हणाले, "सावली आपल्या अंगाकडे पडली पाहिजे. नाहीतर डोंगराचा खड्डा दिसतो." मी पुन्हा वाकून पाहिलं. टेकडी उभी होती. तिच्या उतारावर एक बारीक पांढरी रेघ होती. बाबांनी पेन्सिलीचं टोक तिच्यावर ठेवलं. "ही पायवाट. रोज माणसं चालतात म्हणून पांढरी पडलीय. आधीच्या फोटोत नसेल आणि या फोटोत असेल, तर वर कुणीतरी राहायला आलंय असं समजायचं." एवढं बोलून ते देवघरात दिवा लावायला निघून गेले. त्यानंतर पुन्हा कधीही हा विषय निघाला नाही.

मी पुढे तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला. नकाशा वाचायला शिकवताना ही पांढरी रेघ मी दर वर्षी मुलांना सांगत आले.

बाबांच्या काळात त्या टेबलावर काय काय आलं होतं, त्यातलं कुणी काय वाचलं, आणि वाचलेलं कुणापर्यंत पोचलं, हे मला जाणून घ्यायचं आहे. हे कुतूहल एका मुलीचं आहे हे खरं, पण मागणी सगळ्या देशाची आहे असं मी मानते. म्हणून हे पत्र उघडं लिहिते आहे.

१९६२ मध्ये आपल्या हवाई दलाची लढाऊ विमानं वापरली गेली नाहीत हे सगळ्यांना माहीत आहे. टेहळणीची विमानं मात्र उडाली. १०६ स्क्वाड्रनची कॅनबेरा विमानं अक्साई चीन आणि तिबेटवर जाऊन फोटो काढून येत होती. त्या उड्डाणांसाठी जगमोहन नाथ यांना महावीर चक्र मिळालं, आणि १९६५ मध्ये पाकिस्तानवरच्या अशाच कामासाठी दुसऱ्यांदा. ही विमानं बहुतेक वेळा एकटी जायची. पकडली गेली तर काय होतं हे आधीच दिसून चुकलं होतं. १० एप्रिल १९५९ रोजी, ईदच्या दिवशी, आपलं एक कॅनबेरा रावळपिंडीजवळ पाडलं गेलं होतं. विमानातले दोघंही हाती लागले आणि नंतर परत आले. म्हणजे धोका पुरता माहीत असताना माणसं पुन्हा पुन्हा जात होती. नाथ यांनी म्हातारपणी मुलाखतींमधून सांगितलं, की चिन्यांची जमवाजमव त्यांना वरून दिसत होती, ती त्यांनी येऊन सांगितली, आणि ती मानली गेली नाही.

हे खरं असेल तर फार मोठी गोष्ट आहे, आणि तसं नसेल तर ज्यांनी ती मानली नाही असं आपण म्हणतो आहोत त्यांच्यावर अन्याय होतो आहे. दोन्हींचा निकाल त्या फोटोंमध्ये आणि त्यांच्यासोबत गेलेल्या टिपणांमध्ये आहे. कोणत्या तारखेच्या फोटोत कुठली पायवाट पांढरी दिसत होती, ते टिपण कोणत्या तारखेला कोणाच्या टेबलावर गेलं, त्यावर कोणी काय शेरा मारला. हे बघितल्याशिवाय आपण साठ वर्षं नुसती एकमेकांकडे बोटं दाखवत बसलो आहोत.

त्याच युद्धातली दुसरी गोष्ट तर आपल्याला परक्यांकडून कळली. ११ नोव्हेंबर १९६२ रोजी नेहरूंनी अमेरिकेच्या यू-२ विमानांना आपल्या सीमाभागावरून टेहळणी करायला परवानगी दिली. ही विमानं थायलंडमधल्या ताखली तळावरून यायची. त्यांच्या फोटोंवरून निघालेली माहिती भारत सरकारला दिली जायची. ३ जून १९६३ रोजी राष्ट्रपती राधाकृष्णन आणि केनेडी यांची भेट झाली आणि ओडिशात कटकजवळचं चारबाटिया इथलं दुसऱ्या महायुद्धातलं ओस पडलेलं विमानतळ यू-२ साठी वापरायचं ठरलं. तिथून पहिलं उड्डाण झालं २४ मे १९६४ रोजी. तीन दिवसांनी नेहरू गेले आणि ते काम थांबलं. त्या वर्षाच्या अखेरीला काही काळ पुन्हा सुरू झालं आणि जुलै १९६७ मध्ये अमेरिकनांनी तिथला मुक्काम हलवला.

हे सगळं मी कुठे वाचलं? सीआयएने स्वतःसाठी लिहून ठेवलेल्या इतिहासात. अमेरिकेतल्या एका अभ्यासकांच्या संस्थेने तिथल्या माहितीच्या कायद्याखाली अर्ज केला आणि ऑगस्ट २०१३ मध्ये ती पानं खुली झाली. आपल्या पंतप्रधानांनी आपल्या आकाशाबद्दल घेतलेला निर्णय, आपल्या राष्ट्रपतींनी केलेली बोलणी, आपल्या ओडिशातला तळ. आणि त्याच्या तारखा ग्वाल्हेरच्या एका निवृत्त मास्तरणीला वॉशिंग्टनच्या कागदांतून कळतात. मला याची मनापासून लाज वाटते. नेहरूंच्या निर्णयाची मुळीच नाही. त्या महिन्यात देशावर जी वेळ आली होती त्यात मदत मागणं मला समजतं. लाज वाटते ती याची, की आपल्या बाजूचा कागद आपण अजून कुणाला दाखवला नाही. अमेरिकेने किती फोटो दिले, किती स्वतःकडे ठेवले? माहितीच्या बदल्यात आपल्याकडून काय मागितलं, आपण काय कबूल केलं, काय नाकारलं? या प्रश्नांवर आज फक्त त्यांची साक्ष उपलब्ध आहे.

आणि हे प्रश्न जुने झालेले नाहीत. २७ ऑक्टोबर २०२० रोजी आपण अमेरिकेशी भूस्थानिक माहितीच्या देवाणघेवाणीचा करार केला. नकाशे, उपग्रहांची चित्रं, उंचीची मोजमापं. तो करावा की करू नये यावर मी इथे बोलत नाही. पण असा व्यवहार आपण पहिल्यांदा केला तेव्हा तो आपल्याला कसा पडला, हे आपल्या संसदेला, पत्रकारांना, विद्यापीठांना माहीत असायला नको का?

आम्ही ग्वाल्हेरचे मराठी लोक. आमच्या घराण्यात शिंद्यांच्या दफ्तरात लिहिणारी माणसं होऊन गेली. कागद सांभाळायचा, वाळवीपासून वाचवायचा, रुमालात बांधायचा आणि मागेल त्या धन्याला हजर करायचा, हा आमच्याकडचा धंदा. पानिपतावर आपण का हरलो याबद्दल आज शाळकरी मुलगाही रसद, यात्रेकरू, बुणगे असं काही ना काही बोलू शकतो. ते कशामुळे? इतिहासकार राजवाड्यांनी १८९८ साली त्या काळातली पत्रं छापली म्हणून. पानिपतची बातमी पेशव्यांना कळली भेलशाला, म्हणजे आजच्या विदिशाला. आमच्या इथून झाशी ओलांडून भोपाळच्या वाटेवर लागतं ते. एका सावकाराच्या जासूदाकडचं पत्र छावणीत उघडलं गेलं : दोन मोती गळाले, सत्तावीस मोहरा गेल्या, चांदी-तांब्याची तर गणतीच नाही. लढाई झाली १४ जानेवारी १७६१ ला आणि हे पत्र उघडलं २४ जानेवारीला. दहा दिवस नानासाहेबांना आपला भाऊ आणि मुलगा गेल्याचं माहीत नव्हतं. हेर, जासूद, अखबार यांचं एवढं मोठं जाळं असलेल्या राज्याला एका सावकाराच्या सांकेतिक चिठ्ठीवरून ते कळलं. हे आपण आज सांगू शकतो, कारण कागद राहिला आणि कुणीतरी तो वाचू दिला. १९६२ बद्दल असं बोलायला आपल्याकडे काय आहे?

१९६२ च्या पराभवाची लष्करी चौकशी करणाऱ्या हेंडरसन ब्रुक्स आणि भगत यांचा १९६३ सालचा अहवाल अजून बंद आहे. २०१० मध्ये संरक्षणमंत्री अँटनी यांनी संसदेत सांगितलं, की तो अतिशय संवेदनशील आहे आणि आजही लष्करी दृष्टीने त्याला महत्त्व आहे. २०१४ मध्ये एका परदेशी पत्रकाराने त्याचा बराचसा भाग इंटरनेटवर टाकला. आपल्याच इतिहास विभागाने १९९२ साली पूर्ण केलेला १९६२ चा इतिहासही असाच, सरकारने अधिकृतपणे न देता, वर्षानुवर्षं लोकांच्या संगणकांवर फिरतो आहे. महोदय, दार बंदच आहे, पण खिडकीतून सगळं बाहेर जातंय. नुकसान एवढंच होतं, की बाहेर जातं ते अर्धवट जातं आणि आपण ते खरं की खोटं हे सांगायलाही पुढे येत नाही.

आता कारगिलकडे येते, कारण ते आमच्या दाराशी घडलं.

मिराज ही लढाऊ विमानं १९८५ पासून इथे महाराजपुऱ्याच्या हवाई तळावर आहेत. ग्वाल्हेरच्या माणसाला त्यांचा आवाज घड्याळासारखा माहीत असतो. १९९९ च्या उन्हाळ्यात तो आवाज बदलला. मुरारकडे राहणाऱ्या माझ्या मैत्रिणीच्या शेजारची घरं रिकामी झाली, बायका-मुलंच राहिली. वर्गात माझ्यासमोर हवाई दलातल्या लोकांची मुलं बसायची, आणि पावसाळ्याच्या तोंडावर शाळा उघडली तेव्हा त्यांतल्या काहींचे वडील कुठे आहेत हे त्यांना माहीत नव्हतं. १७ जूनला मिराजांनी मुंथो ढालोचा घुसखोरांचा पुरवठा तळ उडवला, २४ जूनला टायगर हिलवर लेझरने मार्गदर्शित बॉम्ब टाकले. शहरात पेढे वाटले गेले. बाबा त्या दिवशी पेपर बाजूला ठेवून म्हणाले, "बॉम्ब टाकणारा सगळ्यांना दिसला. कुठे टाकायचा हे ज्याने शोधलं, तो कुणाला दिसणार नाही."

खरंच कुणाला दिसला नाही. लढाऊ विमानांची मोहीम सुरू झाली २६ मे रोजी. त्याच्या पाच दिवस आधी, २१ मे रोजी, एक कॅनबेरा त्या डोंगररांगांवर फोटो काढत असताना त्याला खालून क्षेपणास्त्र लागलं. स्क्वाड्रन लीडर पेरुमल आणि त्यांचे नॅव्हिगेटर झा यांनी एका इंजिनावर ते विमान श्रीनगरला आणून उतरवलं. फोटो काढायला गेलेल्या, बिनहत्यारी विमानाचे हे हाल. वर कोण बसलंय आणि त्यांच्याकडे काय आहे याची ही आकाशातून मिळालेली पहिली पक्की खूण होती असं मला वाटतं. त्यानंतरच्या पाच दिवसांत ही खूण कुणी कशी वाचली? २७ मे रोजी आपली दोन लढाऊ विमानं गेली, २८ ला एक हेलिकॉप्टर चार जणांसह पडलं. २१ तारखेच्या त्या जखमी विमानाने सांगितलेलं २७ आणि २८ ला उडणाऱ्यांपर्यंत पुरतं पोचलं होतं का? मी कुणावर आरोप करत नाही. मी त्या मुलांची बाई म्हणून विचारते आहे.

घुसखोर पहिल्यांदा दिसले ते ३ मे रोजी, गारकोनचे ताशी नामग्याल आपला हरवलेला याक दुर्बिणीतून शोधत होते तेव्हा. हिवाळ्यात त्या भागावरून हेलिकॉप्टरच्या टेहळणी फेऱ्या होत असत, त्यांना काही दिसलं नव्हतं. के. सुब्रह्मण्यम यांच्या समितीने हे सगळं तपासलं आणि २३ फेब्रुवारी २००० रोजी अहवाल संसदेपुढे आला. त्या समितीचं मी नेहमी आभारी राहीन, कारण तिने बऱ्याच गोष्टी स्पष्ट लिहिल्या. त्यातली एक मी विसरू शकत नाही. जून १९९८ मध्ये, म्हणजे युद्धाच्या जवळजवळ वर्षभर आधी, इंटेलिजन्स ब्युरोने नियंत्रण रेषेपलीकडच्या हालचालींबद्दल एक पत्र पाठवलं होतं. ते पंतप्रधानांना गेलं, गृहमंत्र्यांना गेलं. पण रॉचे सचिव, संयुक्त गुप्तवार्ता समितीचे अध्यक्ष आणि लष्कराच्या गुप्तवार्ता विभागाचे प्रमुख, या तिघांना गेलं नाही. ज्यांनी असे तुकडे जोडून चित्र उभं करायचं, त्या तिघांनाच नाही! बाबांचा तो स्टिरिओस्कोप मला इथे आठवतो. एका डोळ्यापुढे एक फोटो, दुसऱ्या डोळ्यापुढे काहीच नाही. मग डोंगर वर येणार कसा?

त्या अहवालाच्या छापील प्रतीत जागोजागी मजकूर गाळलेला आहे. २००० साली तो गाळणं मी समजू शकते, तेव्हा विमानं, माणसं, यंत्रं तीच होती. आज काय परिस्थिती आहे? मिग-२५ ही फार उंचावरून टेहळणी करणारी विमानं बरेलीहून १ मे २००६ रोजी निवृत्त झाली. कॅनबेरा ११ मे २००७ रोजी. चारबाटियातून अमेरिकन जाऊन अर्धशतक उलटलं. जे यंत्र संग्रहालयाच्या दारात उभं आहे आणि ज्याच्यावर शाळेच्या सहलीची मुलं हात ठेवून फोटो काढतात, त्या यंत्राने काय टिपलं हे आज शत्रूला नव्याने काय सांगणार आहे?

गुप्त राहायलाच हवं असंही काही आहे, हे मला मान्य आहे. सीमेपलीकडून खबर देणाऱ्या माणसाचं नाव साठ वर्षांनीही उघड करू नका, त्याची नातवंडं तिथे राहतात. आज वापरात असलेल्या संकेतांचा माग लागेल असं काही देऊ नका. तेवढ्यासाठी काळी शाई वापरा, मी हरकत घेणार नाही. पण पूर्ण कपाटच कुलपात ठेवणं हे राखण करणं नव्हे.

आणि कुलपाबद्दल मी एवढ्या काकुळतीने का बोलते आहे ते सांगते. बाबा गेल्यावर त्यांच्या ट्रंकेत एक बिस्किटांचा पत्र्याचा डबा सापडला. घरच्या फोटोंच्या निगेटिव्ह. माझं बारसं, आजीची पंचाहत्तरी, आईचा एकुलता एक तरुणपणीचा फोटो. झाकण उघडलं आणि नाकात सिरक्याचा वास गेला, डोळ्यांत पाणी आलं. फिल्म आक्रसून कडकडीत झाली होती, वरचा थर सुरकुतून पापुद्र्यासारखा सुटत होता. आईचा फोटो उजेडासमोर धरला तर चेहऱ्याच्या जागी नुसत्या भेगा. त्या काळातली बरीच फिल्म असिटेटची असे. उष्णता आणि दमटपणा मिळाला की ती आतून आंबते, आंबली की तोच आंबट वास शेजारच्या फिल्मलाही धरतो. थंड आणि कोरड्या खोलीत ठेवली तर टिकते. आमच्या वाड्यात मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो. ज्या माणसाने आयुष्यभर देशाची फिल्म सांभाळली, त्याच्या घरची फिल्म अशी गेली.

त्यानंतर मी माहितीच्या अधिकारात एक अर्ज केला. कोणत्या कार्यालयात ते इथे लिहीत नाही, कारण तिथल्या एका व्यक्तीवर राग काढायचा हेतू नाही. मी फोटो मागितलेच नव्हते. विचारलं होतं एवढंच, की १९६२ ते १९७१ या काळातल्या हवाई छायाचित्रांची यादी अस्तित्वात आहे का, आणि मूळ फिल्म कोणत्या तापमानाला ठेवली आहे. दोन ओळींचं उत्तर आलं : देशाच्या सुरक्षेला बाध येईल म्हणून माहिती देता येत नाही. मी ते पत्र कितीतरी वेळ हातात धरून बसले. थंड खोलीचं तापमान सांगितल्याने देशाला धोका होतो असं लिहिणाऱ्याने ती खोली बघितली तरी असेल का?

जून २०२१ मध्ये संरक्षण मंत्रालयाने युद्धांच्या नोंदी जपण्याचं, खुल्या करण्याचं आणि इतिहास लिहिण्याचं धोरण जाहीर केलं, तेव्हा मला फार आनंद झाला होता. नोंदी सर्वसाधारणपणे पंचवीस वर्षांनी खुल्या व्हाव्यात. युद्ध संपल्यापासून दोन वर्षांत सहसचिवांच्या अध्यक्षतेखाली समिती बसावी, पुढच्या तीन वर्षांत इतिहास लिहून व्हावा. जुन्या नोंदी तज्ज्ञांनी तपासून राष्ट्रीय अभिलेखागाराकडे द्याव्यात. हे तुमचेच शब्द आहेत आणि फार चांगले शब्द आहेत. २६ जुलै २०२४ रोजी कारगिलला पंचवीस वर्षं पूर्ण झाली. १९६२, १९६५, १९७१ ला तर केव्हाच.

पण धोरण बारकाईने वाचल्यावर मला एक मोठी फट दिसली, आणि या पत्राचं खरं कारण तेच आहे. आपापल्या नोंदी इतिहास विभागाकडे सोपवायच्या त्या संरक्षण मंत्रालयाखालच्या संघटनांनी : तिन्ही दलं, तटरक्षक, आसाम रायफल्स वगैरे. गुपचूप हवाई टेहळणीसाठी १९६२ च्या लढाईनंतर उभं राहिलेलं एव्हिएशन रिसर्च सेंटर मात्र संरक्षण मंत्रालयाखाली नाही. ते १९६८ नंतर रॉबरोबर, म्हणजे मंत्रिमंडळ सचिवालयाच्या छत्राखाली राहिलं. माहितीच्या अधिकाराच्या कायद्यातही कलम २४ आणि दुसऱ्या अनुसूचीने त्याला बाहेर ठेवलं आहे. म्हणजे पंचवीस वर्षांचं धोरण त्याला लागू नाही, आणि नागरिकाचा अर्जही त्याच्यापर्यंत पोचत नाही. चारबाटियाच्या आपल्या बाजूच्या फायली असतील तर अशाच कुठल्यातरी दाराआड असणार. म्हणून हे पत्र मी एकाच वेळी दोन पत्त्यांवर पाठवते आहे. तुमच्या धोरणातल्या समितीत परराष्ट्र आणि गृह मंत्रालयांबरोबर इतर संघटनांचे प्रतिनिधी घेण्याची तरतूद आहे. त्या तरतुदीतून मंत्रिमंडळ सचिवालयाने आपला माणूस बसवावा आणि १९६२ ते १९७१ ची हवाई टेहळणीची कागदपत्रं या समितीपुढे ठेवावीत. कायदा बदलावा लागणार नाही. दोन कार्यालयांनी एकमेकांना पत्र लिहावं लागेल.

सगळ्यात आधी फक्त यादी करा. तारीख, विमान, भाग, फिल्मच्या रिळाचा क्रमांक, आणि रीळ कोणत्या अवस्थेत आहे. यादी जाहीर करायला कुठल्याही फोटोवरचा पडदा उघडावा लागत नाही. यादी करायला बसलात की आंबलेली रिळं आपोआप हाती लागतील, ती आधी स्कॅन करून घ्या. १९६२ ते १९६७ मधला अमेरिकेशी झालेला पत्रव्यवहार वेगळा काढा. त्यांच्या बाजूचा खुला झालाच आहे, तेव्हा आपला झाकून काय उपयोग?

यात युद्धाच्या पलीकडचाही लाभ आहे, आणि तो भूगोलाची शिक्षिका म्हणून मला राहवत नाही म्हणून सांगते. अमेरिकेने १९९५ मध्ये आपल्या पहिल्या हेरगिरी उपग्रहांची, १९६० ते १९७२ मधली ८ लाख ६० हजारांहून जास्त चित्रं खुली केली. पुढच्या उपग्रहांचीही केली. त्यांच्या आधाराने शास्त्रज्ञांनी हिमालयातल्या ६५० हिमनद्या मोजल्या, आणि २०१९ साली दाखवून दिलं की २००० नंतर बर्फ वितळण्याचा वेग त्याआधीच्या दुप्पट झाला आहे. आपला हिमालय, आणि त्याच्या म्हातारपणाचा पुरावा परक्या हेरांच्या कॅमेऱ्यातून. आपली कॅनबेरा विमानं १९६० च्या सुमाराला त्याच शिखरांवरून जात होती, आणि उपग्रहांपेक्षा कितीतरी जवळून. त्या फिल्ममध्ये बर्फाची रेषा कुठे होती, कुठल्या हिमनदीचं तोंड कुठपर्यंत आलं होतं, हे असणारच. लडाखच्या गावांना आज पाण्यासाठी ज्या आकड्यांची गरज आहे ते कदाचित आपल्याच कपाटात आंबत पडले आहेत.

शेवटची मागणी माणसांबद्दल आहे. फोटो बोलतो, पण कोणता फोटो कोणाच्या हातून गेला हे माणूसच सांगतो. वैमानिकांच्या मुलाखती झाल्या, त्यांना पदकं मिळाली, आणि ते योग्यच झालं. अंधाऱ्या खोलीतल्या लोकांना कुणी विचारलं नाही. ते स्वतःहून बोलणार नाहीत, कारण त्यांनी सही केलेली आहे आणि सहीला ते जीवापाड जपतात. तुम्ही त्यांना लेखी मोकळीक दिलीत तरच ते तोंड उघडतील. ज्या गोष्टीला पन्नास वर्षं उलटून गेली तिच्याबद्दल बोलायला हरकत नाही, एवढी एका ओळीची चिठ्ठी. बाबा ती चिठ्ठी न येताच गेले.

त्यांच्या सेक्शनमधले एक काका अजून आहेत, इथेच, नया बाजाराच्या पलीकडे राहतात. बाबांच्या तेराव्याला ते माझ्याजवळ येऊन बसले आणि म्हणाले, "पोरी, एका रात्री आम्ही दोघांनी जे धुतलं ना..." आणि थांबले. मी वाट पाहिली. त्यांनी नुसता माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि उठले. आज ते सत्त्याऐंशीचे आहेत. नाव मी इथे देत नाही, पण तुमच्याकडून अधिकृत माणूस आला तर मी स्वतः त्याला त्यांच्या घरी घेऊन जाईन. सकाळी दहानंतर या. तोवर त्यांचा चहा झालेला असतो, कानातलं यंत्र लावलेलं असतं, आणि त्या वेळेला त्यांना सगळं आठवतं.

आपली,
फोटो सेक्शनमधल्या एका माणसाची मुलगी
लष्कर, ग्वाल्हेर